पंचनामा पुराचा की पूरग्रस्ताचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची रेषा. तेथे पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तिने तीही खूण मागे टाकली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे छावण्यांत आली. त्या दिवसांचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतरचे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. पाणी उतरू लागले तसे कॅमेरे परतले, मान्यवरांचे दौरे आटोपले आणि चिखलाने भरलेल्या घराच्या उंबऱ्याशी दोघेच उरले : पूरग्रस्त आणि पंचनाम्याचा कोरा कागद.

आमचे म्हणणे या दुसऱ्या अंकाविषयी आहे. पूर येण्यापूर्वीच्या कामात देशाने गेल्या पंचवीस वर्षांत जी मजल मारली, तिचा अभिमान वाटला पाहिजे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्याच किनाऱ्यावर मे २०१९ मध्ये ‘फनी’ वादळ आले तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. सी-डॉट या आपल्याच संस्थेने उभारलेल्या व्यवस्थेमुळे आज धोक्याचा इशारा थेट खिशातील मोबाइलवर येऊन कर्कश वाजतो. इशारा देणारे यंत्र तयार आहे. पण पूर ओसरला की हाच मोबाइल मुका होतो आणि राज्यकारभार एकदम ब्रिटिशकालीन महसुली दप्तराकडे परत जातो. उपग्रहाच्या युगातून बस्त्यात बांधलेल्या कागदाच्या युगात यायला आपल्याला एक आठवडाही लागत नाही.

पंचनामा कसा होतो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक असे तिघे येणार, पाहणार, लिहिणार. एका सजात अनेक गावे, प्रत्येक गावात शेकडो घरे, रस्ते वाहून गेलेले, आणि खुद्द या कर्मचाऱ्यांपैकी कित्येकांची घरेही पाण्यात. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दोष आहे तो त्यांच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा धरणाऱ्या पद्धतीचा. पूरग्रस्ताने घर धुवायचे की पथकाची वाट पाहायची? धुतले तर पुरावा गेला, न धुतले तर रोगराई आली. हा पेच प्रत्येक पुरात प्रत्येक घरापुढे उभा राहतो आणि प्रत्येक वेळी शासन जणू तो प्रथमच ऐकत असल्यासारखे वागते.

मग निकषांची गंमत पाहा. २०१५ ते २०२० या काळात लागू असलेल्या आपत्ती मदत निकषांत कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात असलेले असावे, अशी अट होती. २०१९ च्या ऐन महापुरात दोन दिवसांच्या या अटीवरून राज्यात केवढा संताप उसळला, ते वाचकांना आठवत असेल. कणगीतले जोंधळे दोन तासांत कुजायला लागतात. त्यांना निकष ठाऊक नसतात. पिकासाठी अट अशी की नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक हवे. शेतातील गाळ काढण्याच्या मदतीसाठी गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जास्त हवा. आता प्रश्न असा की हे दोन दिवस कोणी मोजले? ३३ आणि ३२ यांतला फरक कोणत्या डोळ्याने पाहिला? पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पथकाने? मोजमापाचे निकष काटेकोर आणि मोजण्याचे साधन नजर-अंदाज, अशी ही व्यवस्था आहे. अशा अटी आरडाओरड झाल्यावर शिथिल होतात, हे खरे. परंतु ज्या गावाला आरडाओरड करता येत नाही, त्याचे काय होते?

वस्तुस्थिती अशी आहे की मोजमाप झालेले असते. आयर्विन पुलाची आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी पुराच्या दिवसांत तासातासाला नोंदवली जाते. कोणत्या पातळीला कोणती गल्ली बुडते, हे सांगलीच्या गावभागातील किंवा कोल्हापूरच्या शाहूपुरीतील रहिवाशाला तोंडपाठ असते. नृसिंहवाडीला तर नदीची पातळी वाचणे हा धर्माचाच भाग आहे. पाणी पादुकांपर्यंत कधी येणार, दक्षिणद्वार सोहळा कधी होणार, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले जाते. या जाणतेपणाला जमिनीच्या उंचसखलपणाचा अचूक नकाशा जोडला की अमुक दिवशी अमुक वाजता अमुक घरात किती फूट पाणी होते आणि ते किती तास राहिले, हे गणिताने सांगता येते. असा उंचीचा नकाशा ड्रोनने किंवा लेझर-सर्वेक्षणाने एकदा पावसाळ्यापूर्वी करून ठेवला की वर्षानुवर्षे पुरतो. त्यासाठी पूर ओसरण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा साक्षीदार आकाशात आहे. पुराच्या वेळी ढग असतात, म्हणून उपग्रहाला खालचे दिसत नाही, हा समज फार जुना झाला. रडार-उपग्रह ढगांच्या आरपार आणि रात्रीही पाहतो. शांत पाण्यावर पडलेली रडारची लहर आरशावरून घसरावी तशी पुढे निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही; म्हणून त्या चित्रात पाणी काळे दिसते आणि जमीन उजळ. इस्रोने २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ सोडला तो याच जातीचा. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुरांच्या वेळी जलव्याप्तीचे नकाशे तयार करते. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रे तर जगात कोणालाही विनामूल्य मिळतात. म्हणजे ज्या शेतकऱ्याला ‘तुझे शेत बुडाले होते याला पुरावा काय?’ असे विचारले जाते, त्याच्या शेताचे चित्र परदेशातील एखादा विद्यार्थी घरबसल्या पाहू शकतो. न पाहणारा एकच, तो म्हणजे प्रश्न विचारणारा.

तिसरा साक्षीदार खुद्द शासनाच्या संगणकात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू आहे. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे याची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनने करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात झाला आणि एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेने ते काम देशभर नेले. म्हणजे घराचा नकाशा आहे, पिकाची नोंद आहे, पाण्याचा नकाशा आहे आणि जन-धन खाते आहे. या चार गोष्टी एकावर एक ठेवल्या की बाधितांची पहिली यादी काही दिवसांत तयार होऊ शकते. तरीही पूरग्रस्त महिनोन्‌महिने चावडीच्या फेऱ्या मारतो. येथे कमतरता यंत्राची आहे की इच्छेची, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो अचूकतेचा, आणि तो पूर्णपणे खोटा नाही. कृष्णा-पंचगंगेचे खोरे उसाचे. दहा फूट वाढलेल्या उसात चार फूट पाणी असेल तर आखूड लहरीचे रडार वरच्या पानांवरूनच परतते आणि खालचे पाणी त्याला दिसत नाही. गजबजलेल्या पेठेतही भिंतींमुळे असाच घोटाळा होतो. उपग्रह रोज त्याच जागेवरून जात नाही, हीदेखील अडचण आहे. मात्र यावर उपाय नाही असे मुळीच नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘निसार’ या भारत-अमेरिका उपग्रहात सुमारे २४ सेंटीमीटरची लांब लहर आहे. ती झाडोऱ्यात अधिक खोल शिरते. तो दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. इतर उपग्रह, नदीची पातळी आणि ड्रोन यांची जोड द्यावी लागेल. पण तुलना कशाशी करायची? सर्वज्ञ परमेश्वराशी की दहा दिवसांनी येणाऱ्या पथकाशी? उसाच्या फडात शिरून किती पाणी होते हे दहा दिवसांनी सांगणारा माणूस आम्हाला तरी ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. यादी आपोआप केली तर खोटी नावे घुसतील, असे मोठ्या गंभीरपणे सांगितले जाते. जणू आजच्या यादीत ती नसतात! खोटे नाव कोठे घुसते? जेथे पाण्याची आठवण पुसट झाली आहे आणि लेखणी एकाच्या हातात आहे, तेथे. नकाशा चावडीवर लागला, कोणत्या गल्लीत किती पाणी होते हे साऱ्या गावाने पाहिले, तर उंचावरच्या वाड्याचे नाव यादीत टिकेल कसे? नकाशा सुटलेल्याला आत घेतो, तसाच घुसलेल्याला बाहेरही काढतो. त्याची अडचण कोणाला वाटते, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप आमच्या पुरोगामी विचारवंतांचा. त्यांच्या मते तंत्रज्ञान म्हणजे गरिबाला वगळण्याचे नवे हत्यार. या मंडळींना संगणक बँकेत आला तेव्हाही संकट दिसले होते. तरी त्यांच्या बोलण्यातला एक अंश आम्ही मान्य करतो, आणि या लेखाचा खरा रोखही तोच आहे. यंत्र कोणाकडे तोंड करून उभे केले आहे, हा प्रश्न आहे. मदतीच्या यादीत नाव आले की शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक शोधावा लागतो, मग सेवा केंद्रात जाऊन आधारची ई-केवायसी करावी लागते. पुरात ज्याचा मोबाइल गेला, चिखल उपसताना ज्याच्या बोटांची सालटी निघाली, त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ॲग्रिस्टॅकमध्ये नोंद असलेल्या शेतकऱ्यांसाठी ही अट शिथिल करावी लागली, यातच तिची उपयुक्तता कळून आली. म्हणजे पुराचे मोजमाप करण्यासाठी आपण यंत्र वापरले नाही. पूरग्रस्ताची पडताळणी करण्यासाठी मात्र अगत्याने वापरले. पंचनामा व्हायचा होता पुराचा, झाला तो पूरग्रस्ताचा. आमचा विरोध या उलट्या तोंडाला आहे, यंत्राला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात जे घडले, त्याने हा विषय आता टाळता येण्यासारखा ठेवलेला नाही. सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ, परांडा या ‘दुष्काळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत हाहाकार केला. राज्यात ६८ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील पिके बाधित झाली आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. मोबाइलवरील छायाचित्रेही पंचनाम्यासाठी ग्राह्य धरू, अशी घोषणा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली. घोषणा स्वागतार्ह आहे. पण संकटाच्या मध्यात मुख्यमंत्र्यांना ती करावी लागते, म्हणजे एरवी छायाचित्र ग्राह्य नसते, हेच सिद्ध होते. जे संकटात कृपा म्हणून दिले जाते, ते नियमपुस्तकात हक्क म्हणून लिहिलेले का नाही?

कायद्याची अडचण आहे, असे कोणी सांगू नये. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेख हा पुरावा म्हणून सन्मानाने बसला आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांना झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावेच लागते. म्हणजे चोराच्या घराच्या पंचनाम्याला कॅमेरा अनिवार्य आणि पूरग्रस्ताच्या घराच्या पंचनाम्याला दोन पंचांच्या सह्या पुरेशा! ज्या पुराव्यावर न्यायालय माणसाला तुरुंगात पाठवू शकते, त्या पुराव्यावर तहसीलदार दहा हजार रुपये देऊ शकत नाही, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

या ठिकाणी एक जुना संदर्भ देण्याचा मोह आवरत नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात दैवी संकटांचा विचार करताना पुराचाही केला आहे. नदीकाठच्या गावांनी पावसाळ्यात काठ सोडून राहावे, लाकडे, बांबू आणि नावा जवळ बाळगाव्यात; वाहून जाणाऱ्याला भोपळे, पखाली, तराफे यांच्या साहाय्याने वाचवावे. त्या काळचे हे आपत्तीचे तंत्रज्ञान. आणि पुढे तो दंड सांगतो : साधन असूनही जो मदतीला धावत नाही, त्याला बारा पण. लक्षात घ्या, कौटिल्याने जबाबदारी आणि दंड टाकला तो साधन असणाऱ्यावर. बुडणाऱ्याने ‘मी बुडत आहे’ याचा दाखला आणावा, अशी अट त्याने घातली नव्हती. आज उपग्रह, ड्रोन आणि संगणक ही साधने कोणाच्या हातात आहेत? मग बारा पण कोणाकडून वसूल करायचे?

आमची मागणी एका वाक्यात मावते. नकाशानुसार जे घर, जे दुकान, जे शेत पाण्याखाली गेले, ते बाधित मानून मदतीचा पहिला हप्ता विनाअर्ज खात्यात जमा व्हावा. एखाद्याला नाकारायचे असेल तर त्याचे कारण शासनाने सिद्ध करावे. सिद्धतेचे ओझे पूरग्रस्ताच्या खांद्यावरून उतरवून शासनाच्या खांद्यावर ठेवण्याची ही मागणी आहे. व्यापाऱ्याबाबतही हेच. सांगलीच्या मारुती चौकात किंवा गणपती पेठेत ज्याच्या दुकानात पाणी शिरले, त्याला भिजून लगदा झालेली खरेदीची बिले मागितली जातात. जुलै २०१७ पासून त्याच बिलांचा हिशेब वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांत शासनाकडे जमा आहे. कर घेताना जो आकडा विश्वासार्ह, तो मदत देताना संशयास्पद कसा ठरतो?

परंतु यंत्राला काय दिसत नाही, हेही ओळखले पाहिजे, नाही तर आपणही त्याच मोहात पडू. उपग्रहाला सातबारा दिसतो, माणूस दिसत नाही. वाट्याने शेत कसणारा, भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब, नदीकाठी पाल ठोकून राहिलेले ऊसतोड मजूर, पतीच्या मागे जिचे नाव अजून उताऱ्यावर चढले नाही अशी विधवा, पुरात मेलेली दावणीची जनावरे – यांतले कोणीही नकाशात येत नाही. ई-पीक पाहणीतही नोंदी अपुऱ्या राहतात. कधी सर्व्हर बंद, कधी मोबाइल साधा. म्हणूनच जे यंत्र सांगू शकते त्यासाठी तलाठ्याला गल्लोगल्ली फिरवू नका, म्हणजे जे यंत्राला दिसत नाही ते पाहायला त्याला सवड मिळेल. माणसाचा डोळा जेथे लागतो तेथेच तो खर्ची घालावा.

येथे समाजाने, आणि विशेषतः दर पुरात फावडी घेऊन धावून जाणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी, आपल्या कामाची व्याप्ती वाढवली पाहिजे. चिखल उपसणे, धान्य पोहोचवणे, जनावरांना चारा देणे हे काम आपण करतो आणि करत राहू. पण केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर पडलेल्या घरांची नोंद घेण्यासाठी ‘रीबिल्ड केरळ’ हे ॲप वापरले गेले आणि त्या कामात स्वयंसेवकही उतरले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घर धुण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या रेषेचे छायाचित्र, स्थान आणि वेळेसह, काढून ठेवायला एक मिनिट लागतो. दहा तरुणांचा एक गट दोन दिवसांत एका गावाची अशी नोंद पूर्ण करू शकतो. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात हेच तरुण २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा गावातील शाळा, देऊळ, चावडी यांच्या भिंतींवर कायमच्या रंगवून ठेवू शकतात. वयोवृद्धांना त्या अचूक आठवतात, आणि अशी एकेक रेषा नकाशा करणाऱ्याला सोन्यासारखी असते. ज्यांची ई-पीक पाहणी राहिली त्यांची ती करून देणे, वाटेकरी आणि भाडेकरूंची वेगळी यादी ग्रामसभेपुढे मांडणे, ही कामेही याच महिन्यातली.

अलमट्टीच्या उंचीवरून दोन राज्यांत वाद चालू आहे, आणि तो चालत राहील. पुराचे खापर कोणावर फोडायचे याच्या चर्चेला आपल्याकडे नेहमीच गर्दी असते. वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल दिला, त्यावरही पुष्कळ वाद झाले. ते तज्ज्ञांनी अवश्य करावेत. पंचनाम्याची पद्धत बदलायला मात्र ना दुसऱ्या राज्याची संमती लागते, ना लवादाचा निवाडा. महसूल विभागाने एक शासन निर्णय काढला की पुरे. नदीकाठच्या ग्रामसभांनी तसा ठराव एप्रिल-मेमध्ये करावा, त्याची प्रत आपल्या आमदाराच्या हाती द्यावी आणि अधिवेशनात त्यावर प्रश्न विचारला गेला की नाही, हे पावसाळा सुरू होण्यापूर्वी त्यांना विचारावे.